गड्ड्याच्या जत्रेत आत्याची पुढची खोली

आत्याचं कार्ड आलं तेव्हा मी कराचीत, साहेबलोकांच्या हाटेलात, वरच्या मजल्यावरच्या चादरी बदलत होतो. कार्ड तिनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. ‘यंदा संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेत, पुढची खोली भाड्यानं द्यायची म्हणते. खोली कशी लावायची ते तुला ठाऊक, तू हाटेलातला. ये. जत्रा उठली की तुझा बाप बैलगाडी घेऊन मला मंगळवेढ्याला न्यायला येणार आहे. एकटी बाई शहरात कशाला, म्हणतो. खोली चालली तर मी जाणार नाही.’

आत्याचा नवरा सोलापूरच्या गिरणीत होता. तो वारल्यावर दोन खोल्यांचं घर आणि आत्या एवढंच उरलं होतं. आता अशा कामासाठी सोलापूरपर्यंत जावं का? शहाण्या माणसानं कार्ड खिशात घातलं असतं. पण मला एका जागी चार महिने झाले की तळपायाला मुंग्या येतात. मी निघालो.

कराचीतल्या आपल्या सोलापूरकडच्या गड्यांनो, जायचं मनात असेल तर ऐका. बोटीवर डेकचंच तिकीट काढा, पण चिमणीपासून लांब बसा, नाहीतर मुंबईत उतरताना कोळशाच्या वखारीतनं आल्यासारखे दिसाल. मी तसाच उतरलो. पुढं बोरीबंदरवरनं सोलापूरची गाडी. कुर्डुवाडीला ती बराच वेळ थांबते. तिथली भजी गरम असतात, चहा नसतो. सोलापूरला टांगेवाला चार आणे सांगतो. ‘अण्णा, हितलाच हाय की मी,’ म्हणालं की दोनवर येतो.

आत्याचं घर देवळाच्या तळ्याकडं जाणाऱ्या वाटेवर; तळ्याकाठच्या मैदानावर गड्डा भरतो, म्हणजे जत्रेला येणारा प्रत्येक जण दारावरनं जाणार. खोली मी दोन दिवस लावली. भिंतीला चुना, दाराला पडदा. शेजारच्या जॉबरकडनं, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाकडनं, लोखंडी पलंग मागून आणला. खोक्यावर जुनं लुगडं टाकून टेबल केलं, त्यावर आरसा आणि तोंड धुवायला पांढरी चिनी-मुलाम्याची परात. साहेबाला असंच लागतं. आत्या दारात उभी राहून बघत होती.

“पाहुन्याला परात कशाला रं? कनिक मळायला?”

“तोंड धुवायला.”

“आन् मोरी काय दरोडेखोरांनी नेली?”

मी तिला एकच नेम घालून दिला. “आत्या, पाणी द्यायचं, कंदील द्यायचा. जेवण न्हाय द्यायचं.”

“का?”

“एकदा जेवू घातलंस की तुझ्या तोंडातनं भाडं निघायचं न्हाय.”

“मी काय येडी हाय व्हय?”

भोगीच्या आदल्या दिवशी विजापूरकडचा एक बांगडीवाला आला, नागाप्पा. बरोबर बायको रत्नव्वा आणि बांगड्यांच्या चार पेट्या. पाच दिवसांचं भाडं ठरलं. मी फुशारकीनं खोली दाखवली. तासाभरानं बघतो तर रत्नव्वा माझ्या परातीत खरंच पीठ मळत होती, पलंगावर चारी पेट्या ओळीनं मांडलेल्या, आणि नागाप्पा खाली सतरंजीवर आडवा.

“एवढा चांगला पलंग, आन् तुमी खाली?”

नागाप्पानं मला कानडीत धाकटा भाऊ करून टाकलं. “बांगडी फुटती, तम्मा. मानूस फुटत न्हाय.”

आत्या आत तोंडाला पदर लावून हसत होती. ते मला ऐकू यावं एवढ्या मोठ्यानं.

भोगीला दोघं पहाटेच गड्ड्यावर दुकान मांडायला गेली. दुपारी थकून आली, तर घरभर तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा वास. आत्यानं चार ताटं घेतली होती. मी डोळे वटारले.

“सनाच्या दिवशी घरातली मानसं उपाशी, आन् मी जेवू?”

“ती घरातली न्हाईत. भाडेकरू हाईत.”

“मग तू तर कराचीचा. ऊठ ताटावरनं.”

मी उठलो नाही. भाकरीवर लोणी होतं. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीतल्या नंदीध्वजांच्या उंच काठ्या बघून आलो, तर पुन्हा चार ताटं. मग मी आपलं ताट पुढं ओढलं.

पाचव्या दिवशी नागाप्पानं कनवटीचे पैसे काढले. आत्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. “जेवल्या मानसाकडनं पैसे? जीभ झडंल माजी.”

बाप दुसऱ्या दिवशी येणार होता. भाडंच नाही, तर खोली चालली असं त्याला कशाच्या जोरावर सांगायचं? नवरा-बायको कानडीत काहीतरी बोलली. मग नागाप्पा उंबऱ्याशी टेकला.

“अक्का, आमी जेवलो. बरोबर. पेट्या जेवल्या काय?”

“न्हाय.”

“पलंगावर कोन झोपलं?”

“पेट्याच.”

“मग पेट्यांचं भाडं घ्या की.”

 आत्या यात कुठं खोट सापडते का बघत होती. शेवटी हात पुढं आला. “पेट्या तर न्हाईच जेवल्या,” ती म्हणाली. त्यावर नागाप्पानं सांगितलं, की सोलापूरच्या बाजाराला तो दर महिन्याला येतो. माल इथंच ठेवला तर वाहायचा त्रास वाचेल. महिन्याचं भाडं ठरलं, आणि पेट्यांची किल्ली आत्याच्या कमरेला गेली.

बाप आला तो दारातनंच, “चल, बोचकं बांध!” म्हणत.

“आन् पेट्या?”

“कसल्या पेट्या?”

“बारमाही भाडेकरू हाईत माजे. त्येंना टाकून कुटं येऊ, दादा?”

बापानं पुढच्या खोलीत डोकावलं. चार पेट्या पलंगावर साहेबासारख्या पसरलेल्या. त्यांच्याशी भांडायचं कसं हे त्याला सुचेना. “जेवायला तरी हाय का?” एवढंच म्हणाला, जेवला, आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

मी परत कराचीत, चादरी बदलतोय. साहेब येतात, टेबल-आरसा सगळं वापरतात आणि जातात; त्यांचं तोंडसुद्धा आठवत नाही. इथं खोली कशी लावायची ते मला अजून येतं. सोलापूरला खोली नव्हे, ताटं लावायची होती; ते आत्यालाच ठाऊक होतं.

तुम्ही गेलात तर खुशाल तिच्याकडं उतरा. फक्त भाडं आल्याआल्या, पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आत द्या. एकदा ताटावर बसलात, की मग भाडं द्यायला बरोबर एखादी पेटी लागेल.