बॉयलरवरचा पांढरा कापूस

तो पंचनामा मी अजून विसरलेलो नाही. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं, नुकतंच मुंबई राज्यात आलेलं. मी तिथे फौजदार होतो.

एका राईस मिलच्या मॅनेजरने फिर्याद दिली: जुन्या बॉयलरवरून सोलून काढलेल्या ॲस्बेस्टॉसची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कापसासारख्या पांढऱ्या थराची, चार पोती चोरीला गेली, संशय खोकल्यामुळे काम सुटलेल्या एका मजुरावर. दुसऱ्याच दिवशी मिलमधल्या हमालाने खबर दिली, माल त्या मजुराच्या नागरा गावातल्या घरी आहे.

माल लपवलेला नव्हताच. चुलीमागच्या कुडाला लिंपलेला, छपराच्या कवेलूंच्या फटींत कोंबलेला, त्याच्या पोरींच्या गोधडीतही भरलेला. मजूर खाटेवर धापा टाकत होता. त्याची बायको म्हणाली, "चोरी कायले करू साहेब? मॅनेजरच बोलला, घेऊन जा, आग लागत नाही याले. पोरी याच्यावरच निजून राहिल्या."

माल मोजायचा म्हणून गोधडी उसवून अंगणात झटकायला मीच लावली. पोरी त्या धुळीत उभ्या होत्या.

ठाण्यात मॅनेजरला बोलावलं. पोतं समोर ठेवून म्हटलं, "उघडा, माल ओळखा."

तो दोन पावलं मागे सरला. नाकाला रुमाल लावला.

"काऊन? कापूसच आहे ना?" मी विचारलं.

रुमाल न काढताच तो म्हणाला, "साब, इंजिनिअरने मना किया है. इसकी धूल फेफड़े में जाती है."

मग सगळं बाहेर आलं. बॉयलर सोलायला वर्षानुवर्षं याच मजुराला धाडलं. छाती भरली तेव्हा तो कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार घेऊन गेला. स्वतःच दिलेल्या मालासाठी त्याला चोर ठरवलं की तक्रार संपणार होती.

चोरीची फिर्याद मी खोटी म्हणून निकाली काढली. मजुराला जाणूनबुजून त्या धुळीत धाडल्याबद्दल मॅनेजरवर खटल्याची परवानगी मागितली, तर वरून उत्तर आलं, असं कलम नाही. शिपायांनी तो माल पाण्याने भिजवून गावाबाहेर पुरला. मजूर त्या उन्हाळ्यात गेला.

त्याच्या मृत्यूनंतर पुढच्याच आठवड्यात दुसरा बॉयलर सोलायला नवा माणूस लावल्याचं कळलं. मी वर्दीत मिलच्या आवारात गेलो आणि मॅनेजरने ठाण्यात काय कबूल केलं, ते सगळ्या मजुरांना सांगितलं. त्या दिवशी बॉयलरला कुणी हात लावला नाही.

महिन्याभरात माझी बदली झाली. फिर्यादी कितीही प्रतिष्ठित असो, आधी त्यालाच माल हाताळायला लावावा, हे मी तेव्हा शिकलो. पण पंचनाम्याच्या आधी शिकायला हवं होतं. त्या पोरींचं पुढे काय झालं, हे विचारायची हिंमत मला कधीच झाली नाही.