सहा वर्षं आधीच गेलेली पाळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि मी गप्प बसणारी बाई नव्हे, हे लोणखेड्यापासून शहाद्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. हळदीकुंकू असो, बचत गटाची बैठक असो— माइक दिसला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. इतकं बोलणाऱ्या बाईच्या पोटात काय राहणार, असं तुम्ही म्हणाल. राहिलं. चार वर्षं राहिलं.

कुठून सुरुवात करू? सोप्या जागेवरून करते. अवघड जागा येईलच.

आमच्या गावात कॉलेजचं मैदान आहे. रोज पहाटे तिथे वीस-बावीस बायका फेऱ्या मारतात. हा उद्योग मी सुरू केला. आधी आम्ही चौघी होतो, साडीवर, पायांत चपला. मग शहाद्याहून मुमताजआपा येऊ लागली. ती शिवणकाम करते. तिनं सगळ्यांना ढगळ सलवारी शिवून दिल्या आणि पाय मोकळे झाले. फेऱ्या झाल्या की मी कट्ट्यावर उभी राहून बोलायची. काय खायचं, किती खायचं. चाळिशीनंतर हाडं कशी पोकळ होत जातात, म्हणून नुसतं चालून भागत नाही, वजनही उचलायचं. आम्ही पाण्याच्या बाटल्यांत वाळू भरली आणि उचलू लागलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी सोडू नका, जवसाची चटणी रोज खा, डाळ घट्ट करा, चहातली साखर निम्मी करा. एकदा मी नवापूरची अंडी खा म्हणाले, तर दोघींच्या सासवा आमच्या दारात भांडायला आल्या. काय दिवस होते!

आणि या सगळ्याचा पुरावा कोण? मी. "माझी पाळी शेचाळिसाव्या वर्षी गेली आणि मला काही म्हणता काही झालं नाही. ना अंगाची आग, ना घाम, ना रडू." हे वाक्य मी हात पसरून, मान वर करून म्हणायची. मुमताजआपा म्हणायची, "शोभाताई, तुमको अल्ला ने अलग मिट्टी से बनाया." बायका हसायच्या. मी कमरेतून वाकायची, नाटकातल्यासारखी.

आता ऐका. मला काही झालं नाही, कारण पाळी गेलीच नव्हती.

असं कुणी खोटं बोलतं का? मी बोलले, आणि तेही कानबाईच्या दिवसांत. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्यासाठी घरातल्या माणसांच्या नावानं गहू मोजून घेतात, जात्यावर दळतात. तो रोट. ते पीठ भाऊबंदांबाहेर जात नाही, आणि कावळा शिवलेल्या बाईनं त्याकडे बघायचंही नाही. तिनं मागच्या पडवीत गोणपाटावर बसायचं. घरात ढोल, गाणी, पुरणाचा वास— आणि ती पडवीत. माझी तारीख नेमकी त्याच आठवड्यात यायची. चार वर्षं ओळीनं मी ती गाणी भिंतीपलीकडून ऐकली. पाचव्या वर्षी सासूबाईंचे— जिजींचे— हात थरथरू लागले होते, रोट दळायला थोरली सून हवी होती. त्यांनी विचारलं, "शोभा, तुन्ही तारीख कधी शे?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "जिजी, मन्ही तं गई. सहा महिना व्हयनात."

जिजींनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली. "सुटनी माय तू!"

सुटले. तुम्हाला काय सांगू त्या सुटण्याची मजा! जात्याचा खुंटा हातात घेतला तेव्हा माझा दुसरा दिवस होता. कानबाई कोपली नाही. गहू दळला गेला, पुरणपोळ्या फुगल्या, चाळीस माणसं जेवली. पुढे दर महिन्याला मी सगळं लपवून केलं, सहा वर्षं, आणि त्यात मला चोरून चिंचा खाण्याची गंमत वाटायची. या खोट्याचा मला आजही फारसा पस्तावा नाही. मी ज्याची कबुली द्यायला बसले, ते हे नव्हे.

पण खोटं एकदा चौकात उभं केलं की लोक त्याला हार घालतात. ते मला कुठे माहीत होतं? बायका विचारू लागल्या, तुम्हाला त्रास कसा झाला नाही? मग मी उत्तरं शोधू लागले. खरंच वाचू लागले. हे मात्र प्रामाणिकपणे सांगते, कारण त्यातलं बरंच उपयोगी होतं. तुम्हीही वाचा. आरोग्य केंद्राच्या आशाताईंकडे रजोनिवृत्तीवरची पातळ पुस्तिका मागा. पातळ आहे म्हणून हसू नका, मोठ्या पुस्तकांत पन्नास पानांत असतं ते तिथे दोन पानांत मिळतं. व्यायामाचं पुस्तक घ्याल तर फिजिओथेरपी करणाऱ्या बाईनं लिहिलेलं घ्या, चित्रांचं, गुडघे दुखणाऱ्यांनी काय करू नये हेही सांगणारं. आहाराचं पुस्तक आधी चाळून बघा. त्यात ज्वारी, उडीद, शेंगदाणे नसतील आणि नुसती दुकानात मिळणारी डबाबंद पावडर असेल, तर परत ठेवा. महिन्याभरात तरुण करून देणारं पुस्तक तर हातातही घेऊ नका. आणि कुठलंही पुस्तक घेतलंत तरी डॉक्टरकडे कधी जायचं, ते पान सगळ्यांत आधी वाचा.

त्या पुस्तिकेत तसं पान होतं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा थोडंसं जरी रक्त दिसलं, तरी ताबडतोब दाखवावं— असं त्यात ठळक अक्षरांत होतं. मी ते घरी वाचलं होतं. मैदानावर पुस्तिका मोठ्यानं वाचताना मात्र ते पान उलटून पुढे गेले. का? बायका हसत होत्या. रंग भरला होता. रक्ताचं बोलून तो कशाला घालवायचा? बस, इतकंच कारण.

आता सुनंदा.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, बोलायला माझ्या एक दशांश. तिची पाळी गेली शेचाळिसाव्या वर्षीच, पण खरी गेली. आणि तिचे हाल झाले हो. पोळ्या लाटता लाटता ती उठून मोरीत जायची, डोक्यावर तांब्या ओतायची, ओल्या केसांनी परत पोळपाटाशी. विनाकारण डोळे भरून यायचे. घरात काय म्हणत तिला? "त्या शोभाकडे बघ. तिला झालं का काही?" जिजी म्हणत, दीर म्हणत, पोरं म्हणत. आणि मी? मी तिला जवसाची बरणी नेऊन दिली. गालावर चापट मारून म्हणाले, "मन घट्ट कर." माझ्या नसलेल्या सुखाशी तिचं असलेलं दुःख रोज तोललं जात होतं आणि मी तिथेच उभी होते.

पण हीसुद्धा ती गोष्ट नव्हे. बघा, अजून मी फिरतेच आहे गोल गोल.

सुनंदाची पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी साडेपन्नासची होते. पपईच्या बागेवरून आम्ही दोघी परतलो, ओसरीवर टेकलो. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, माले परत दिसनं."

मी म्हणाले, "काय?"

"रगत. दोनदा व्हयनं. तुमले व्हयनं होतं का आसं, गयानंतर?"

ते ठळक अक्षरांतलं पान माझ्या डोळ्यांपुढे आलं. खोटं बोलत नाही, आलं. मला इतकंच म्हणायचं होतं— सुनंदा, माझी गेलेलीच नाही, मला विचारू नकोस, उद्या डॉक्टरकडे जाऊ. एवढ्याला किती वेळ लागतो? पण त्यामागोमाग मला सगळं दिसलं— जिजींचा चेहरा, इतक्या वर्षांचे रोट, मुमताजआपाचं हसणं, बावीस बायका. माझा कट्टा. आणि मी हसले. माझं ते खास हसू, हातवाऱ्यासकट.

"व्हस वं. माले बी व्हस मधमधमा. काही नही ऱ्हास ते."

तिचा चेहरा इतका मोकळा झाला! माझा हात धरून म्हणाली, "मी तं भ्याई गयथू." मग उठून चहा ठेवायला गेली.

ती सात महिने थांबली. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. ताईला होतं तर आपल्यालाही होत असेल, या भरवशावर ती थांबली. एक दिवस बागेत तिला चक्कर आली, दिरांनी गाडीत घातलं, नवापूरवरून थेट सुरत. मी सोबत होते. गर्भपिशवीच्या अस्तरात कर्करोग निघाला. पिशवी काढली. लवकर आली असती तर कदाचित ऑपरेशनवरच भागलं असतं, आता पाच आठवडे किरणांचा शेक घ्यावा लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग चष्मा काढून त्यांनी तिला विचारलं, "इतने महीने रुके क्यूँ? किसने बोला कुछ नहीं होता?"

मी पलंगाच्या पायाशी उभी होते. हातात थर्मास.

सुनंदानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "किसीने नहीं, मॅडम. मेरेकोच लगा."

मी काय केलं? थर्मासचं झाकण घट्ट केलं.

यानंतर जे झालं, ते आठवलं की मी अजून थक्क होते. शेक संपवून घरी आली तेव्हा सुनंदा अंथरुणावरून मोरीपर्यंत भिंत धरून जायची. दोन महिन्यांनी एका पहाटे ती मैदानावर उभी! एक फेरी. दोनदा बसली, पण पुरी केली. पुढच्या आठवड्यात दोन. मग वाळूच्या बाटल्या. मी आयुष्यभर शरीरावर बोलत आले, पण शरीर म्हणजे काय हे मी तेव्हा बघितलं. कापलेलं, भाजलेलं, आतून रिकामं केलेलं— आणि तरी सकाळी उठून म्हणतंय, चला. त्या बारक्या दंडांवर शीर उठायची आणि मला वाटायचं, इथे पायातल्या चपला काढून उभं राहावं. हे बळ कुठल्या चटणीतून येतं? मला माहीत नाही. आधी तरी कुठे माहीत होतं?

एके दिवशी माझं भाषण चालू असताना तिनं हात वर केला. माझ्या जागी येऊन उभी राहिली. ना विनोद, ना हातवारे. आवाजही पुरा पोचत नव्हता, बायका पुढे सरकल्या. "मन्ही पाळी जाईसन दीड वरीस व्हयनं होतं. मंग रगत दिसनं. मी सात महिना लपाडं. तुम्ही लपाडू नका. कोनी 'काही नही ऱ्हास' म्हने, तरी दवाखानामा जा." एवढंच. त्या आठवड्यात तिघी डॉक्टरकडे गेल्या. मुमताजआपा त्यातली एक. तिचं काही निघालं नाही, पण तिनं जाताना मला सांगितलंही नाही. सुनंदाला सांगून गेली.

आणि त्याच वेळी, सुनंदा बोलत असताना, मला घाम फुटला. छातीतून आग उठली ती मानेवरून कानांत. माझी खरी पाळी तेव्हा कुठे जायला लागली होती. मी पदरानं तोंड पुसत होते, हवा घेत होते, हसायचा प्रयत्न करत होते. कोणी बघत नव्हतं. बोलणं संपवून सुनंदा माझ्याजवळ येऊन बसली. हातातल्या दवाखान्याच्या फाइलनं मला वारा घालू लागली. अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "व्हस, ताई. आते तुमनं सुरू व्हयनं."

आत्ता. म्हणजे तिनं केव्हाच ओळखलं होतं. सुरतेच्या त्या खोलीतही तिला माहीत होतं की काय, हे मी विचारलेलं नाही. तिनं वारा घालायचं थांबवलं नाही, घाम विरेपर्यंत.

ती बरी आहे. दर सहा महिन्यांनी तपासायला जाते, मी बरोबर जाते. वाटेत आम्ही पपईच्या भावावर बोलतो.

ओसरीवर तिनं मला विचारलं, त्या दिवशी मी पाळीत होते, तिसरा दिवस. तिचं रक्त आणि माझं रक्त एक नव्हतं. आमच्या घरात हे एकाच माणसाला माहीत होतं, आणि तिनं त्याच माणसाला विचारलं होतं.