आगीला गार म्हणायचे

मी भित्रा होतो. हे नम्रपणाने सांगत नाही. आमच्या गावात ते सगळ्यांना माहीत होते. बैलाने मान हलवली तरी मी दोन पावले मागे सरत असे, आणि शेतकऱ्याच्या घरी बैल मान हलवल्याशिवाय राहत नाहीत. म्हणून वडिलांनी मला शाळेत घातले. बाविसाव्या वर्षी मी अकोल्याच्या एका शाळेत मास्तर होतो आणि शाळेत बैल नसल्यामुळे माझे बरे चालले होते.

त्या पौषात आईने मला मुऱ्हाळी म्हणून अमरावतीला पाठवले. माझी थोरली बहीण तिथे दिलेली होती, तिला बाळंतपणाला माहेरी आणायचे होते. आम्ही तिला बाई म्हणत असू. तिला सातवा महिना लागला होता. आधीची दोन्ही बाळंतपणे सासरी झाली होती आणि दोन्ही मुले हाती लागली नव्हती. पहिले दोनच दिवस जगले, दुसरे रडलेच नाही. हे तिसरे आपल्या डोळ्यांसमोर होईल, असे आईने ठरवून टाकले होते. निघताना तिने मला बजावले, "तिले रस्त्यानं हलू नोको देजो." रस्ता तीस कोसांचा आणि बैलगाडीचा होता. मी बरे म्हणालो.

अमरावतीत गाडी मिळेना. दूर कुठेतरी, साहेबाच्याही मुलखापलीकडे, लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस येईना, त्यामुळे वऱ्हाडातल्या बैलांना फुरसत नव्हती. बाईच्या सासरी दोन गाड्या होत्या, त्या दोन्ही कापसावर गेल्या होत्या. सून काय, घरात बसून आहे, कापूस बसून राहत नाही, असे तिचे सासरे म्हणाले. यात त्यांना काही वाईट वाटल्याचे दिसले नाही. शेवटी रुई घेऊन अकोल्याला निघालेल्या सात गाड्या सापडल्या आणि त्यांतल्या एका म्हाताऱ्या गाडीवानाने बाईला वर बसवून न्यायचे कबूल केले. रुईचे बोजे म्हणजे पायाने दाबदाबून भरलेली मोठाली पोती. ती रचून त्याने मधे एक खळगा केला, त्यात गोधडी घातली आणि बाईला वर चढवले. एवढी मऊ गादी तिला सासरी मिळाली नव्हती. मी पायी निघालो.

गाडी जुंपण्याआधी गाडीवानाने मला बाजूला घेतले. मी त्यांना मामा म्हणू लागलो होतो.

"मास्तर, गाडीवर त्याचं नाव काढाचं नाई."

"कोनाचं?"

"त्याचं. चुलीत राह्यते त्याचं."

"मंग म्हनाचं काय?"

"गार म्हनाचं."

यात मला नवल वाटले नाही. आपण दुकान बंद करत नाही, वाढवतो. निघताना येतो म्हणतो. अंधार पडला की सापाचे जनावर होते. रुईवाल्यांनी आगीला गार केले, इतकेच. रुईच्या गाडीवर नाव घेतले की ती ऐकते आणि येते, असा त्यांचा अनुभव होता. अकोल्यापर्यंत तेव्हा आगगाडी आली होती, पुढचा भराव अजून चालला होता, आणि हा सगळा माल त्या आगगाडीत चढायचा होता. तिला हे सातही जण गारगाडी म्हणत. "गारगाडी काई आपल्यासाठी थांबत नाई," असे एकमेकांना बजावत, आणि बजावताना त्यांच्या तोंडात चिलीम असे. चिलमीबद्दल मी मामांना विचारले. ते म्हणाले, "चिलमीतलं तं देवाचं हाये." मास्तर असूनही मी पुढे विचारले नाही.

अडचण एवढीच होती की पौष होता आणि थंडीलाही गारच म्हणायचे. पहिल्या दिवशी मी वीसेक वेळा तरी गार म्हणालो असेन. दर वेळी मामांनी दचकून मागे पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहणे सोडून दिले.

तिसऱ्या दिवशी मूर्तिजापूर मागे पडले. दुपार कलली होती. समोर चार शेतांवर काटेपूर्णेचे पात्र दिसत होते. वारा मागून होता आणि मागच्या गाडीचा गाडीवान तोंडाशी बसून देवाचं ओढत होता. मी आमच्या गाडीमागे चालत होतो. माझ्या नाकासमोरच्या बोज्याच्या कोपऱ्यातून धुराची एक बारीक रेघ निघाली.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी सरकली नाही, मी तिच्यावर नीट चालत राहिलो. दहाबारा पावले मी तो धूर पाहत गेलो, जणू ही दुसऱ्या कोणाच्या बहिणीची गाडी होती. मग तोंड उघडले.

"मामा, गार झालं."

"पौष हाये. होईनच," मामा मागे न पाहता म्हणाले.

"मामा, लय गार झालं."

त्यांनी अंगाखालची घोंगडी ओढून काढली आणि बोज्यांवरून मागे फेकली. ती बरोबर माझ्या हातात आली. आणि मी ती पांघरली.

याचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. घाबरलेला माणूस वेड्यासारखा वागतो असे नाही. कोणी वडीलधारे सांगेल ते तो शहाण्यासारखे करतो. मामांनी घोंगडी दिली, मी पांघरली. ती पांघरून मी आणखी थोडा चाललो, तेवढ्यात बोज्याला लाल तोंड फुटले.

"आग," मी म्हणालो.

ओरडलोसुद्धा नाही. तो शब्द जिभेवरून सुटला तेव्हा आगीपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली. पण सातही गाड्यांवर तो ऐकू गेला.

बाई वर उठून बसली. तिला उडी मारता येण्यासारखे नव्हते. दीड पुरुष उंची आणि पोटात सातवा महिना. मामांनी वळून पाहिले आणि कोणत्याही गाडीवानाने करू नये ते केले. समोर नदी होती, नदीत पाणी होते, म्हणून त्यांनी बैलांवर आसूड ओढला. गाडी पळाली की वारा लागतो आणि वारा लागला की रुई भडकते, हे मामांना माझ्या जन्माआधीपासून माहीत होते. त्या घडीला ते माहीत नव्हते. बैल उधळले. चाक चाकोरीतून उसळून बाहेर आले, मामा खाली पडले आणि पडल्या जागी पाय धरून आग, आग म्हणून ओरडू लागले. जन्मभर गाडीवर न काढलेले नाव त्यांनी तेवढ्यात पन्नासदा काढले असेल.

गाडी वाट सोडून काळ्या रानात शिरली. बैल नदीकडेच चालले होते, पण उताराकडे नव्हे. जिथे पुराने दरड कापून नेली होती, तिकडे चालले होते. तिथून खाली दोन पुरुष खोल होते. मी गाडीच्या बाजूने धावत होतो, घोंगडी अंगावर होतीच, आणि ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. मागून सहा गाडीवान ओरडत धावत होते. बाईचा एक हात पोटावर होता आणि एक बोज्याच्या दोरीत. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आवाज मात्र नेहमीचा होता.

"भाऊ, पयू नोको. तुमच्या पयन्यानं बैल पयून राहिले. थांब अन् शीळ घाल. पान्यावरची."

पाण्यावरची शीळ म्हणजे बैल पाण्यावर नेले की घालतात ती. एकाच खालच्या सुरातली, लांब. ती ऐकली की बैल मान खाली घालतात आणि पिऊ लागतात. लहानपणापासून त्यांना तेच वळण असते. आमच्या घरी वडील ती घालत आणि कधी मी, कुंपणापलीकडे उभा राहून. बैलांच्या बाबतीत मला येणारी ती एकच गोष्ट होती.

पण शीळ घालायला थांबावे लागते. बहीण पेटत्या गाडीवर दरडीकडे चाललेली आणि मी थांबायचे. तोवर मी भिऊन पळालोच होतो, त्यामुळे न पळणे एवढे कठीण असते हे मला ठाऊक नव्हते. मी थांबलो. गाडी पुढे गेली. मी ओठ आवळून फुंकले, नुसती हवा आली. छाती भात्यासारखी चालली होती आणि तोंडात थुंकीचा थेंब नव्हता. पुन्हा फुंकले, पुन्हा हवाच. मास्तर घोंगडी पांघरून भर रानात ओठांचा चंबू करून उभा आहे, हे पाहून मागचे गाडीवान थबकले आणि त्यांची ओरड आपोआप बंद पडली. मी धुराकडे पाहायचे सोडले, बाईकडे पाहायचेही सोडले. फक्त बैलांचे कान पाहत राहिलो. जीभ चावली तेव्हा तोंडाला थोडी ओल आली. श्वास पोटापर्यंत घेतला, सगळा सोडला, परत घेतला. मग शीळ लागली.

बैलांचे कान वळले. चाल मोडली. आठदहा पावले ते गेले आणि थांबले, आणि मान खाली घालून ढेकळांत पाणी शोधू लागले. तिथे पाणी नव्हते. मुक्या जनावरांना मी फसवले, याचे मला अजून वाईट वाटते.

आता शीळ थांबवायची सोय नव्हती. मी ती घालत घालत, एकेक पाऊल टाकत गाडीकडे गेलो. मागच्या बाजूने जाळ हातभर वर आला होता आणि पुढच्या बाजूला चार शिंगे होती. दोहोंपैकी कोणाला जास्त भ्यावे हे ठरेना, आणि ते ठरवण्यात कोणालाच नीट भिणे झाले नाही. मी दोन बैलांच्या मधे शिरलो. बाई बोज्यांवरून घसरत पुढे आली, तिने माझ्या खांद्यांवर पाय टेकले, माझे डोके धरले आणि खाली उतरली. तिच्या भाराखालीही माझी शीळ चालूच होती. मग एका बैलाच्या मानेची दोरी मी सोडली, दुसऱ्याची तिने. बैल बाजूला झाले आणि गाडी तोंडघशी पडली.

पुढचे काम गाडीवानांनी केले. जळते बोजे काठ्यांनी ओढून काढले आणि त्यांच्यावर काळी माती लोटली. रुईच्या आगीवर पाणी वरवर राहते, आत ती धुमसतच असते. दोन बोजे गेले, बाकीचे राहिले. मामांना दोघांनी धरून आणले.  ते बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

बाई बांधावर बसली होती. मी जवळ गेलो.

"भाऊ, हालत नाई," ती म्हणाली.

"काय हालत नाई?"

तिचे दोन्ही हात पोटावर होते. "सकायपासून लाता मारून राहिलं होतं. आता हालत नाई."

आगीपुढे माणसाला काहीतरी करता येते. निदान पळता तरी येते. इथे काहीच करता येत नव्हते. मी तिच्याजवळ मातीत बसलो. तेवढी भीती मला गाडीमागे वाटली नव्हती, आणि पुढे आयुष्यातही कधी वाटली नाही. तिला आधीची दोघे आठवत होती, हे तिच्याकडे पाहून कळत होते. मला आई दिसत होती, दारात उभी. गाडीवान लांब जाऊन उभे राहिले. एकाने नदीवरून पाणी आणले, बाईने नुसते ओठ भिजवले. ऊन बांधावरून सरकून पलीकडच्या तुरीवर गेले. 

मग एकाएकी बाईचा श्वास अडकला. मला वाटले, संपले.

"हालला," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "मारून राहिला लेकाचा." जन्मल्यावरही त्याने ती सवय सोडली नाही.

बाईने डोळे पुसले आणि भूक लागली म्हणाली. मी गाडीजवळ पडलेले गाठोडे आणून दिले. त्यात ज्वारीची एक भाकरी आणि थोडा ठेचा उरला होता. तिने भाकरी मोडून एक तुकडा माझ्या हातात दिला, तो मातीत पडला. दुसरा दिला, तोही पडला. माझे हात तोंडापर्यंत जाईनात. डोळ्यांतून पाणी चालले होते, ते पुसायलाही हात कामाचे नव्हते. बाईने पुढचा तुकडा माझ्या हातात दिलाच नाही. ठेच्याला लावून सरळ माझ्या तोंडात घातला, मग दुसरा, मग तिसरा. बावीस वर्षांचा मास्तर सात गाडीवानांदेखत थोरल्या बहिणीच्या हातून घास घेत होता आणि त्यांच्यातला एकही हसला नाही. मी रडत होतो आणि खात होतो. भूक तिला लागली होती, हे मला भाकरी संपल्यावर आठवले.