टँगोतला अंतरपाट

लग्नाची कामं मी लिहून काढली तेव्हा त्यांत टँगो नव्हता. मंडप, हलवाई, केळीचे खांब, पाहुण्यांच्या गाद्या, सगळं होतं. टँगो लेकीने घुसवला. होणाऱ्या नवऱ्याशी तिची ओळख पुण्यात या नाचामुळेच झालेली. संगीताच्या संध्याकाळी बुरहानपूरच्या पाहुण्यांसमोर दोघं तोच नाचणार, हे तिने मला विचारलं नाही, कळवलं.

गाद्या बाजूला सारून हॉलमध्ये सराव सुरू झाला आणि मिठीतही पंथ असतात हे समजलं. जावयांची मिठी टेकूची. छातीला छाती लावून दोघांनी एकमेकांवर झुकायचं, पावलं लहान टाकायची, मिठी शेवटपर्यंत सोडायची नाही. घडाच्या भाराने वाकलेल्या केळीला बांबू लावतात, तसं. एक काढला की दुसरा आडवा. लेकीची मिठीही जवळचीच, पण ज्याचा तोल त्याच्याकडे. वळणावर ती सैल होते, वळण संपलं की पुन्हा मिटते.

"मी कुणावर टेकणार नाही," लेक म्हणाली.

"म्हणूनच दर वळणावर तुला शोधावं लागतं," जावई म्हणाले.

लग्न तोंडावर आलेलं आणि यांचं भांडण कुणी कसं बिलगायचं यावरून. मी चहा ठेवला आणि मांडववाल्याला फोन लावायला गेले.

तेवढ्यात तुकईथडहून माझ्या थोरल्या नणंदबाई आल्या. दारातच थबकल्या. "हे काय चालू आहे वहिनी? अक्षता पडायच्या आधीच गळाभेट? स्टेजवर असं झालं तर मी हळद न लावताच परत जाईन."

आमच्या घरात हळदीचा पहिला हात आत्याचा. लेकीचं तोंड उतरलं. तिला नाचही हवा होता आणि आत्याही.

तोडगा नणंदबाईंनीच काढला. अक्षता पडेपर्यंत वधूवरांत अंतरपाट असतो, मग नाचातही असू दे. घडी केलेलं एक उपरणं त्यांनी दोघांच्या मध्ये सरकवलं. "हे खाली पडलं तर अपशकुन. समजलं?"

लेकीने आपल्या पद्धतीने सुरुवात केली. पहिल्याच वळणावर मिठी सैल झाली आणि उपरणं फरशीवर. पुन्हा लावलं, पुन्हा फरशीवर.

"अगं पोरी, दूर कुठे चाललीस? चिकटून राहा ना!"

"आत्या, तूच तर आत्ता..."

"मी उपरण्याचं म्हणते. दाब त्याला! जवाईबापू, धरा हिला, कस के!"

जावयांनी धरलं. एवढा वाद घालून जे मिळालं नव्हतं, ते त्यांना मर्यादेच्या कृपेने मिळालं. लेकीने माझ्याकडे पाहिलं.

"हळद हवी ना?" मी म्हटलं.

ती टेकली.

संगीताच्या दिवशी गाणं संपलं, टाळ्या झाल्या, तरी दोघं हलेनात. हलले असते तर उपरणं पडलं असतं. शेवटी नणंदबाईच स्टेजवर चढल्या. त्यांनी ते दोघांमधून ओढून काढलं, झटकलं आणि खाली बसलेल्या विहीणबाईंना अभिमानाने दाखवलं. "बघा बाई, शेवटपर्यंत अंगाला अंग लागू दिलं नाही."