हातांनी बडबडणारी आत्या

आत्या मुकी आहे, ही बातमी कापड गिरणीच्या ऑफिसात वाऱ्यासारखी पसरली होती. कुणी म्हणे लहानपणी तापात वाचा गेली. कुणी म्हणे नवऱ्याशी असं भांडली, असं भांडली, की शब्दच संपले.

मुकी कसली! मुकी असती तर घरातल्यांचे कान तरी निवले असते. आत्या झोपेतसुद्धा बोलते. फक्त गिरणीत आवाज वापरत नाही, कारण तिथे मागांचा खडखडाट एवढा, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी काही म्हणता काही ऐकू येत नाही. मग बायका ओठ रुंद हलवतात, बोटं नाचवतात, भुवया उडवतात आणि पार पलीकडच्या मागावरच्या मैत्रिणीला सासूच्या चहाड्या तिखटमीठ लावून सांगतात.

घोळ झाला तो मुलाखतीत. मुकादमाची जागा रिकामी होती आणि आत्याचा तिच्यावर जीव होता. तिने ज्यांना काम शिकवलं, तेच दर वेळी मुकादम होऊन तिच्या डोक्यावर बसत. नव्या साहेबांनी विचारलं, "बाई, माणसं सांभाळाल ना?" आत्या घाबरली, आणि सवय तेवढी जागी राहिली. ओठ, बोटं, भुवया सगळं कामाला लावून तिने फर्डं उत्तर दिलं. आवाज सोडून! साहेबांनी हळहळून तिला पाणी पाजलं आणि घरी पाठवलं.

"अगं, एक 'हूं' तरी करायचं!" भाचीने कपाळावर हात मारला. हिला घरात रेडिओ म्हणतात. कुकर, कुत्रा, शेजारच्या काकांची शिंक, सगळं हुबेहूब काढते. आताही तिने साहेबांचा "अरेरे, बिचारी" असा काढला, की आत्या हसता हसता खाटेवर आडवी झाली.

"उद्या परत जा आणि आवाजात बोल," रेडिओ म्हणाली. "माणूस आवाजामुळेच तर माणूस झाला. कुणीतरी वाघाची डरकाळी काढून दाखवली, बाकीचे पळत सुटले. झाली भाषा सुरू!"

"आणि वाघ काल येऊन गेला, हे कसं सांगितलं त्याने? काल कसा ओरडतो गं?"

रेडिओने एक डरकाळी काढून पाहिली. ती आजचीच निघाली.

"आधी हात बोलले, बाळा. तान्हं पोर बघ, शब्द फुटायच्या आधी बोट दाखवतं. मी तोंडातून चकार शब्द न काढता ती जागा घेऊन येते. लाव पैज!"

"लावली! हरलीस तर पाहुण्यांसमोर तुझी नक्कल."

"तू हरलीस तर अख्खा दिवस तोंड बंद. नुसते हात."

दुसऱ्या दिवशी रेडिओ पैजेवर लक्ष ठेवायला गिरणीच्या दारात हजर. आत्याने साहेबांना खुणेने बोलावलं आणि थेट मागांच्या खोलीत नेलं. साहेबांनी काहीतरी विचारलं, पण ते त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही. आत्याने दोन बोटं उडवली, कोपऱ्यातून सुताच्या कांड्या आल्या. गाल फुगवले, टंगळमंगळ करणारी एक बाई लाजून कामाला लागली. साहेब असे रंगले, की विचार करत त्यांनी मान खाजवली. खटाखट सगळे माग बंद! तिथे मान खाजवली की 'थांबा' असतं. साहेबांनी गडबडून कान ओढला, तर एकीने धावत येऊन त्यांच्या हातात झाडू दिला.

साहेब पोट धरून हसले. मग झाडू काखेत मारून मुकादमाचा बिल्ला काढला आणि आत्याच्या पदराला लावला. आत्याने दाराकडे बघून एक भुवई उडवली. तिचा अर्थ रेडिओला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग आला शिक्षेचा दिवस. रेडिओने सकाळी हातांनी चहा मागितला, तर छत्री मिळाली. तरी ती गप्प. दुपारी धुतलेल्या ताटांची हनुवटीपर्यंत चवड घेऊन येत होती, आणि मांजर नेमकं पायात आलं. हात दोन्ही गुंतलेले. खूण करणार कशाने?

"अंऽऽ!"

आत्या टाळ्या पिटत नाचली. "निघाला गं बाई, निघाला! हात भरले की तोंड उघडतं. अशीच सुरू झाली असणार तुमची भाषा!"

रेडिओला यावर पुष्कळ बोलायचं होतं. पण आत्याने बोट हवेत गरगर फिरवलं: दिवस पुन्हा पहिल्यापासून.