भटूच्या अंगावरचं बनियन

आमचे हे फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झाले. पण असोद्याच्या घरातलं धुणं अजून कंपनीत असल्यासारखं चालतं. प्रत्येकाची बादली वेगळी, दोरी वेगळी. बनियनच्या मागच्या शिवणीला दोऱ्याची खूण. यांची लाल, मुलाची निळी. कपडा दोरीवरून काढला की आधी खूण बघायची, मग घडी घालायची. घरात वॉशिंग मशीन आलं तेव्हा यांनी बजावलं, एका वेळी एकाचेच कपडे टाकायचे. वीज जास्त जाते, पण बोलणार कोण.

परवा सकाळी आमचा मुलगा सागर कॉलेजच्या घाईत यांचं बनियन घालून निघाला. दोरीवर आपलं बनियन नाही हे बघून यांनी त्याला गल्लीतच मोटरसायकलवरून खाली ओढलं. शर्टाची बटणं तुटली.

"कोणाचं घातलं?"

"तुमचं असेल. काय फरक पडतो पप्पा?"

यांनी त्याच्या तोंडावर मारलं. ओठ फुटून रक्त शर्टावर आलं. यांनी पुन्हा हात उचलला, तो शेजारच्या आबांनी धरला.

"अरे फौजी, पोराले मारतो कायले? दुश्मन आहे का तो?"

सागर घरात आला आणि बॅग भरायला लागला. "बनियनपायी मार खायचा असेल, तर मला या घरात राहायचं नाही." हे दारात बसले. त्याची वाट अडवून बसले आणि जे कधी पूर्ण सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

यांची पोस्टिंग तेव्हा काश्मीरमध्ये होती. कंपनीत प्रत्येक कपड्यावर पक्क्या शाईने नंबर असतो, जवानाच्या आर्मी नंबरचे शेवटचे आकडे. त्यावरून धोबी कपडे वेगळे करतो. आतले कपडे मात्र हे स्वतः धुवायचे. यांच्या शेजारची खाट भटूची. भटू शिरपूरकडचा, म्हशीवाल्यांचा मुलगा. कपडे साचवायचा आणि मग एकदम भिजवायचा.

त्या दिवशी जवानांची पार्टी रस्ता तपासायला निघणार होती. भटूची सगळी बनियनं ओली, तो उघडा उभा होता. आमचा भाग केळीचा म्हणून तो यांना केळीवाला म्हणायचा.

"ओ केळीवाला, मना बठ्ठा बनियन वल्ला शेतस."

"मग उघडा चल. अतिरेकी तुला बघूनच पळतील."

"थंडी शे रे."

यांनी आपलं वाळलेलं बनियन त्याच्याकडे फेकलं. "घे. धुऊन परत दे. तुझ्या म्हशींचा वास नको त्याला."

पहिल्या गाडीत भटू पुढे, ड्रायव्हरशेजारी. हे त्याच गाडीत मागे. पुलाजवळ गाडीखाली स्फोट झाला. गाडी उचलली गेली आणि आडवी पडून पेटली. हे बाहेर फेकले गेले. खांद्यात लोखंडाचे तुकडे घुसले, जबडा मोडला. वरच्या बागेतून फायर सुरू झाला. मागच्या गाडीतून सुभेदारसाहेब ओरडले, "उतरो! पोझिशन लो!" रेडिओवर एकच आवाज चालू होता. "ब्लास्ट, ब्लास्ट. कॅज्युअल्टी. राइट साइड से फायर." एक जवान यांना ओढायला धावला, त्याच्या मानेत गोळी लागली. तो यांच्या अंगावरच पडला. त्याचं रक्त यांच्या तोंडात जात होतं आणि मोडलेल्या जबड्याने थुंकता येत नव्हतं.

एवढं सांगून हे थांबले. सागर बॅगेजवळ खाली बसला होता.

हेलिकॉप्टरने यांना हॉस्पिटलला नेलं. कपडे कापून काढले, त्यातच गळ्यातली ओळखीची डिस्क गेली. शुद्ध नव्हती. इकडे गाडीतून भटूला काढलं तेव्हा त्याला चेहरा उरला नव्हता. डिस्क सापडली नाही. छातीवर जळायचं राहिलेलं बनियन होतं आणि त्यावर यांचा नंबर. म्हणून गेलेले हे आणि हॉस्पिटलातला भटू, असं धरलं गेलं.

पुढचं मला माहीत आहे. असोद्याला फोन आला की हे गेले. बायांनी ओट्यावर माझे हात दाबून धरले आणि दगडाने बांगड्या फोडल्या. काच मनगटात घुसली. सासूबाई भिंतीवर डोकं आपटत होत्या. त्याच वेळी शिरपूरला फोन गेला होता की तुमचा भटू जखमी आहे, पण वाचेल. त्याच्या आईने देवीपुढे नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी यांना शुद्ध आली. यांनी नर्सच्या हातातलं पेन घेऊन आपलं नाव लिहिलं. पुन्हा दोन्ही घरी फोन गेले.

"त्या माउलीला मी तोंड दाखवलं नाही," हे म्हणाले. "माझ्या बनियनमुळे तिचा पोरगा एक दिवस वाचला आणि मग गेला."

सागरने बॅग उचलली. "चला," तो म्हणाला. "तुम्हाला शिरपूरला नेतो. पण तुम्ही आला नाहीत तर मी परत घरी येणार नाही."

आम्ही तिघं एसटीने गेलो. गाव शिरपूरच्या पुढे, डोंगराकडे. भटूची आई गोठ्यात होती. यांनी वाकून पाय धरले आणि नाव सांगितलं. बनियन कसं दिलं तेही सांगितलं. म्हातारीने शेणाचे हात पदराला पुसले.

"ते सुकेल व्हतं का?"

"हो माय. उन्हात वाळवलेलं होतं."

"मंग बरं," ती म्हणाली. "न्हानपनपाईन वल्ला कपडा त्याले सोसे नहीं. मी इतला वरीस तोच इचार करू, त्या दिन वल्लाच घालीसन गया का."

तिने आम्हाला घरात नेलं. भिंतीवर भटूचा युनिफॉर्ममधला फोटो होता. हे सावधान झाले, सॅल्यूट केला आणि तसेच उभे राहिले. हात खाली येईना. म्हातारीने यांचा दंड धरला.

"बस भाऊ. त्याना समोर इतला ताठ नको उभा ऱ्हाऊ. तो हासी."

हे जमिनीवर बसले.