वडिलांची पलटण

चावी माझ्या मुलीच्या हातात दिली होती. दिली, आणि परत मागून घेतली.

मे महिना. पुणं. टेकडीच्या पायथ्याची एक कॉलनी. दोन्ही बाजूंनी झाडं, गेटावर कुंड्या. मुलीला उन्हाळ्याचे दोन महिने जवळच्याच एका कंपनीत काम शिकायला जायचं होतं. तिथून चालत येण्याजोगी खोली आम्ही शोधत होतो. घरमालकीणबाई साठीच्या. खोली दाखवली, खिडकी उघडून बाहेरचा बहावा दाखवला, गीझर कसा लावायचा ते दाखवलं. "मुलगी शांत आहे हो तुमची," म्हणाल्या. चावी दिली. मग जिना उतरताना सहज विचारावं तसं विचारलं, "आडनावावरून हल्ली काही कळत नाही. तुम्ही कोण?"

मी घसा साफ करत होतो. मुलगी म्हणाली, "आम्ही बौद्ध."

बाईंचा चेहरा बदलला नाही. हे मला नीट लिहायचं आहे. अजिबात बदलला नाही. हसतच म्हणाल्या, "अगं बाई, विसरलेच की! माझा भाचा यायचाय सुट्टीला. दे बरं ती चावी."

मुलीनं दिली. वर 'थँक्यू' म्हणाली. लहानपणापासून आम्हीच शिकवलेलं.

रस्त्यावर आल्यावर मी चिडलो. कुणावर? मुलीवर.

"काय गरज होती?"

"त्यांनी विचारलं, पप्पा."

"विचारलं म्हणून सगळं ओकायचं असतं? सातारा सांगायचं. मूळ गाव पलूसकडं, ते सांगायचं. आडनाव सांगायचं. तिथं थांबायचं."

ती थांबली. ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळली आणि माझ्यापुढं चालायला लागली. मी मागून. उन्हात माझ्याच मुलीचा पाठलाग करत असल्यासारखा.

आमचं आडनाव असं आहे की ते मराठ्यांतही असतं आणि आमच्यातही. साताऱ्या-सांगलीकडं म्हणून आडनावावर कुणी थांबत नाही. पुढं विचारतात, "पाव्हणं कुठलं तुमचं?" म्हणजे सोयरीक कुठं, लेकी कुठल्या गावात दिल्या. दोन गावांची नावं घेतली की माणसाची जात टेबलावर येते. मला हे लहानपणीच कळलं, आणि कळल्यावर मी एकच गोष्ट शिकलो. विषय बदलायला. पाव्हणं विचारलं की मी पाऊस विचारतो. उसाचा दर विचारतो. सरकारी कचेरीत नोकरी, साताऱ्यात कॉलनीत घर, आणि या सगळ्यावर त्या दुहेरी आडनावाची सावली. मी त्या सावलीत बसून राहिलो. गावाहून आबांचा, म्हणजे वडिलांचा, फोन आला की ते आधी "जयभीम" म्हणायचे, मोठ्यानं. मी फोन कानाला दाबून धरायचो आणि जिना उतरून गाड्या लावतात तिथं जायचो. तिथं हळू आवाजात उत्तर द्यायचो. बायकोला माहीत होतं. मुलीला माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

पुण्याला कुठं राहायचं, हे ठरवतानाही मी तेच केलं. आबा फोनवर म्हणाले होते, "आरं, नदीपलीकडं माझा पलटणीतला दोस्त ऱ्हातोय. घरात मानसं हायती, सुना-नातवंडं हायती. पोरगी तितंच ऱ्हाऊ दे की."

मी म्हणालो, "लांब पडतं, आबा. दोन बस बदलाव्या लागतात."

ते खरं होतं. पण ते कारण नव्हतं. ती वस्ती आपल्या लोकांची आहे. पत्ता सांगितला की ऐकणाऱ्याला कळतं. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी पोरीच्या कपाळावर पत्ता नको, असं मी ठरवलं. तिला विचारलं नाही. सांगलीला विश्रामबागेत ती कॉलेजला होती, तिथलं हॉस्टेलही मीच निवडलेलं. असंच, पत्ता बघून.

दुसरं घर त्याच कॉलनीत, दोन गल्ल्या सोडून. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं सुचवलेलं. मालक रिटायर सुभेदार, आमच्याच सातारा जिल्ह्यातले. दार उघडलं आणि मला बरं वाटलं. दारातच तोंडभर हसू, पांढऱ्या मिशा, अंगात बंडी.

"या, या. पलूसकडचं ना? मग घरचंच की वो. सातारा काय आन् सांगली काय, पानी एकाच नदीचं."

आत पंखा जोरात फिरत होता. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पन्हं आणलं. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "वाळलीयास गं. इतं ऱ्हायलीस की जेवान माज्याकडं. मेसबिस काय लावू नगंस. आमची पोरगी सासरी गेल्यापास्नं ताटात दोनच मानसं."

खोली वरच्या मजल्यावर होती. स्वच्छ. कॉट, टेबल, जाळीची खिडकी. मुलीनं टेबलावर हात ठेवून बघितला, हलतंय का. हलत नव्हतं. ती सकाळपासून पहिल्यांदा हसली.

खाली येऊन बसलो. सुभेदार विचारत होते आणि मी उत्तरं देत होतो. पाऊस, ऊस, रस्ता. माझं चांगलं चाललं होतं.

"वडील काय करत्यात?"

"फौजेत होते."

"आरं तिच्या! मग आधी सांगायचं न्हाई व्हय?" ते खुर्चीतून पुढं सरकले. "कुठली पलटण?"

माझ्या वडिलांच्या पलटणीच्या नावातच आमची जात आहे. नाव घेतलं की संपलं. पाव्हणं विचारावं लागत नाही, गाव विचारावं लागत नाही. आयुष्यभर मी आडनावाच्या आडोशाला उभा राहिलो, पण या प्रश्नाला आडोसा नाही.

भिंतीवर सुभेदारांच्या पलटणीचं चिन्ह होतं. काचेत, पितळी, पुसून लखलखीत केलेलं. माझी नजर तिथं गेली.

"तुमचीच," मी म्हणालो. "तुमचीच पलटण, साहेब."

त्यांनी मांडीवर थाप मारली. "बघ गं! म्या म्हनलं न्हवतं, तोंडावरनंच कळतं? म्हंजे बेळगावलाच ट्रेनिंग झालं आसंल."

"व्हय," मी म्हणालो. माझ्या तोंडात ती भाषाही आली. आबांचं ट्रेनिंग मध्य प्रदेशात झालं. बेळगाव त्यांनी कधी बघितलंय का, मला माहीत नाही. लढाईत त्यांच्या पोटरीत लोखंडाचा तुकडा घुसला, तो अजून तिथंच आहे. हिवाळ्यात ते पाय चुलीजवळ धरून बसतात. तो पाय मी दुसऱ्या पलटणीला देऊन टाकला. पंख्याखाली बसून, पन्हं पिता पिता.

मुलीनं पेला खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही.

"हायती न्हवं वडील?"

"आहेत. गावी."

"मग लावा की फोन! दोन शब्द बोलू. आमच्या पलटणीतला मानूस म्हंजे सख्खा भाऊ."

मी म्हणालो, त्यांना कमी ऐकू येतं. मी म्हणालो, आत्ता झोपले असतील. मी म्हणालो, गावात रेंज नसते. तिन्ही एका दमात. सुभेदार हसले. "फौजी मानूस दुपारचा झोपतोय व्हय?"

मुलीनं पर्समधून फोन काढला. नंबर काढला. आणि मग माझ्याकडं बघितलं. सकाळी त्या बाईंना चावी परत देताना तिच्या डोळ्यांत प्रश्न नव्हता, तो आता होता.

"लावू, पप्पा?"

ती मला अडवत नव्हती, अडकवतही नव्हती. खरंच विचारत होती.

आबा फोन उचलणार. पहिला शब्द काय म्हणणार, मला पाठ होतं. आणि समजा मी घाईघाईनं सांगितलं असतं, की आबा, आज जरा सांभाळून घ्या, तर त्यांनी कदाचित घेतलंही असतं. हेच मला सहन होईना. ऐंशीच्या घरातला माणूस, पोराची अब्रू राखायला आपली पलटण नाकारतो आहे. मला तो आवाज ऐकू आला. बसवेना. मी उभा राहिलो. खुर्ची मागं सरकली, आवाज झाला.

"लावू नको," मी म्हणालो. मग सुभेदारांना म्हणालो, "साहेब, मी खोटं बोललो."

आणि आबांच्या पलटणीचं नाव घेतलं. पूर्ण. मोठ्यानं. माझ्या आयुष्यात परक्या घरात पहिल्यांदा.

पंखा फिरत राहिला. काकी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "दूध ठेवलंय," म्हणाल्या आणि आत गेल्या. परत आल्या नाहीत.

सुभेदार बराच वेळ मिशीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "चांगली पलटण हाय ती. लढनारी. आमी एका मोर्च्यावर शेजारी शेजारी व्हतो."

मी थांबलो.

"आमच्यात जातीचं काय न्हाई, पाव्हणं. कवाच नव्हतं. पन तुमी खोटं बोललासा. घरात यायच्या आदीच खोटं. आशा मानसाला खोली कशी द्यावी, सांगा तुमीच."

किती स्वच्छ नकार! त्या बाईंना भाचा शोधावा लागला. यांना काही शोधावं लागलं नाही. नकाराचं कारण मीच घेऊन गेलो होतो घरून, पुसून, लखलखीत करून.

दारापर्यंत गेलो आणि मागं वळलो. "साहेब, एक विचारू? मी पहिल्यालाच खरं सांगितलं असतं, तर दिली असती खोली?"

त्यांनी पंख्याकडं बघितलं.

"आता त्ये कशाला," म्हणाले.

बाहेर गल्लीत पोरगी भिंतीच्या सावलीत उभी राहिली. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. ती माझ्यासारखी नाही.

"सकाळी त्या बाईंनी नाही म्हटलं तेव्हा मला राग आला," ती म्हणाली. "पण आत तुम्ही 'तुमचीच' म्हणालात ना... पप्पा, मला वाटलं आबा तिथंच बसलेत आणि ऐकतायत."

मी तिच्याशेजारी सावलीत जाऊन उभा राहिलो.

"विश्रामबागेत मैत्रिणींना मी पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. दोघीजणी बोलायच्या बंद झाल्या. बाकीच्या राहिल्या. काही झालं नाही मला. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही घाबरला असता."

माझ्या मुलीनं मला इतके दिवस सांभाळून घेतलं होतं. मी समजत होतो, मी तिला सांभाळतोय.

"चला," ती म्हणाली. "आबांच्या दोस्ताकडं जाऊ. बस बदलायच्या असल्या तर बदलीन मी. आणि मी तिथं लपायला जात नाहीये. मला तिथं राहायचंय."

"जाऊ," मी म्हणालो. "पण थांब जरा."

गल्लीच्या टोकाला एका गेटावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. मी बेल वाजवली. माझ्याच वयाच्या एका माणसानं दार उघडलं, हातात पेपर.

"मुलीला दोन महिन्यांसाठी खोली हवी आहे," मी म्हणालो. "आम्ही बौद्ध आहोत. वडील फौजेत होते." पलटणीचं नाव सांगितलं. "चालत नसेल तर तसं सांगा. भाचा येणार आहे म्हणू नका."

त्या माणसानं पेपरची घडी केली. उलगडली. परत केली. "तसं काही नाही हो," म्हणाला, "पण मिसेसना विचारावं लागेल. कळवतो." माझा नंबर घेतला नाही आणि दार लावलं.

मुलगी मागं उभी होती. आम्ही बसस्टॉपला आलो. नदीपलीकडच्या बसचा नंबर तिनं फोनवर शोधला.

आता ती नदीपलीकडं राहते. आबांचा दोस्त तिला स्टॉपवर सोडायला येतो, त्याच्याही पायाला काहीतरी आहे. मी साताऱ्यात आहे. सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. रात्रीचं मला अजून ते 'तुमचीच' ऐकू येतं, माझ्याच आवाजात. आबांना मी अजून सांगितलेलं नाही. या रविवारी गावी जाऊन सांगणार आहे, समोर बसून. त्यांना काय म्हणायचं ते म्हणोत.

कंपनीनं मुलीला पुढं ठेवून घेतलं तर घर पुन्हा शोधायचं आहे. तेव्हा मी त्याच कॉलनीत शोधणार आहे. घर मिळेल म्हणून नाही. प्रत्येक बेल वाजवून आधी आम्ही कोण ते सांगणार, मग खोलीचं विचारणार. ज्याला नाही म्हणायचं त्यानं आमच्या तोंडाकडं बघून, खरं कारण सांगून नाही म्हणावं. दुसरं कारण हवं असेल तर ज्याचं त्यानं शोधावं.

मी पुरवणार नाही.